तात्पर्य काय?



इसापनीतीतली कावळ्याची आणि कोल्ह्याची गोष्ट आपण सर्वांनीच शाळेत वाचली आहे. कावळ्याच्या चोचीत भाकरीचा तुकडा, झाडाखाली कोल्हा. कोल्हा म्हणतो, “कावळेदादा, काय तुमचा आवाज! होऊन जाऊ द्या एखादं गाणं.” कावळा तोंड उघडतो, तुकडा खाली पडतो आणि कोल्हा तो घेऊन चालता होतो. गोष्ट संपते, आणि मग फळ्यावर तो सुप्रसिद्ध शब्द येतो, तात्पर्य! त्याच्यापुढे ठरलेलं वाक्य: खुशामतीला भुलू नये.

एकदा एका खेड्यातल्या शाळेत मी पाहुणा म्हणून मागच्या बाकावर बसलो होतो. गुरुजींनी हीच गोष्ट मोठी रंगवून सांगितली आणि विचारलं, “सांगा रे, तात्पर्य काय?” एक पोरगं ताडकन उठलं आणि म्हणालं, “गुरुजी, गोड बोलावं. आयती भाकरी मिळते.” वर्ग खो खो हसला. गुरुजी म्हणाले, “बस खाली.” पोरगं बसलं. पण तेव्हापासून मला मात्र स्वस्थ बसवत नाही. कारण त्या पोरानं गोष्ट अगदी नीट ऐकली होती. गुरुजी कावळ्याच्या फांदीवर बसले होते, आणि ते कोल्ह्याशेजारी झाडाखाली. गोष्ट एकच, तात्पर्यं दोन. आणि भूक लागलेली असली तर दुसरं तात्पर्य लवकर पटतं, हेही कबूल केलं पाहिजे.

साहित्य, कला आणि नीती यांचं जे भांडण शेकडो वर्षं चाललेलं आहे, त्याचं मूळ या वर्गात आहे. आपल्या मराठीत हा वाद ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ या नावानं गाजला. ना. सी. फडके एका बाजूला, वि. स. खांडेकर दुसऱ्या बाजूला. विद्वानांनी त्यावर पुष्कळ शाई खर्च केली. पहाटे जात्यावर बसून ओवी म्हणणाऱ्या बाईला कुणी विचारलं असतं, “बाई, ही ओवी ओवीसाठी, की पिठासाठी?” तर ती म्हणाली असती, “भाऊ, आधी दळण उरकू द्या.” तिला ओवीही हवी होती आणि पीठही. ओवीनं पीठ वाढत नव्हतं हे खरं, पण ओवीवाचून दळणारे हात लवकर थकत होते हेही तितकंच खरं.

तेव्हा तो वाद आपण विद्वानांकडेच ठेवू. आपला प्रश्न साधा आहे. गोष्ट किंवा नाटक माणसाला चांगलं करतं का? करत असेल तर कसं? यासाठी मराठी रंगभूमीवरची तीन जुनी नाटकं आपण जरा उघडून पाहू.

पहिलं नाटक ‘कीचकवध’. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे लोकमान्य टिळकांचे ‘केसरी’तले सहकारी. त्यांचं हे नाटक १९०७ मध्ये रंगभूमीवर आलं. गोष्ट महाभारतातली, आपल्या आजीलाही पाठ असलेली. पांडव अज्ञातवासात विराटाच्या घरी राहतात, विराटाचा मेहुणा कीचक सैरंध्री झालेल्या द्रौपदीवर वाईट नजर टाकतो, धर्मराज थोडं सबुरीनं घ्या म्हणतात, आणि भीम कीचकाचा निकाल लावतो. आता यात आक्षेप घ्यावा असं काय आहे? परस्त्रीची अभिलाषा धरणाऱ्याला शिक्षा झाली. याहून नीतिमान गोष्ट कोणती? कीर्तनात, पुराणात ती शतकानुशतकं चालली होती आणि कुणाचीही नीती बिघडल्याचं ऐकिवात नव्हतं.

पण इंग्रज सरकारनं १९१० मध्ये या नाटकावर बंदी घातली. का? तर कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, असं प्रेक्षकांनी ओळखलं होतं. गंमत अशी की नाटकात कर्झनसाहेबांचं नाव कुठंही नाही. पण सरकारनं बंदी घातली आणि ज्याला ठाऊक नव्हतं त्यालाही कीचक कोण ते सांगून टाकलं. गावात चोरी झाली, आणि ‘चोराच्या दाढीत काडी’ म्हणताच एकानं दाढी चाचपली, तशातली ही गोष्ट.

यावरून पहिली खूणगाठ बांधू या. एखाद्या पुस्तकावर किंवा नाटकावर कुणी ओरडला, की ते पुस्तक अनीतीचं असेल असं लगेच मानू नये. ओरडणाऱ्याचा पाय त्यात कुठं अडकला आहे, ते आधी पाहावं. पुष्कळदा लोकांना चित्राचा राग येत नाही. चित्रात आपलं तोंड दिसलं याचा राग येतो.

दुसरं नाटक ‘एकच प्याला’. राम गणेश गडकरी १९१९ च्या जानेवारीत वारले आणि त्याच वर्षी त्यांचं हे नाटक गंधर्व नाटक मंडळीनं रंगभूमीवर आणलं. सुधाकर हा हुशार वकील. भर कोर्टात त्याचा अपमान होतो, आणि त्या दुखावलेल्या घडीला तळीराम नावाचा मित्र त्याच्यापुढं पहिला प्याला धरतो. पुढं सनद जाते, अब्रू जाते, घर जातं, आणि शेवटी सगळ्या संसाराची राखरांगोळी होते. तात्पर्य फळ्यावर लिहायचं तर अगदी सोपं: दारू पिऊ नये.

पण प्रेक्षकांनी घरी काय नेलं? नाटकात सगळ्यात जास्त हशा कोण मिळवतो? तळीराम! दारूच्या समर्थनार्थ त्याच्याजवळ अशी काही बिनतोड युक्तिवादांची पेटी आहे की न पिणाऱ्यालाही वाटावं, हा माणूस बोलतो मोठा गोड. म्हणजे झाडाखाली पुन्हा आपला कोल्हा उभाच आहे. गडकऱ्यांची चूक झाली असं मी म्हणत नाही. मोह हा गोडच असतो; तो कडू असता तर कुणी मोहात पडलंच नसतं. तळीराम कंटाळवाणा दाखवला असता तर सुधाकर त्याच्या नादी लागला हे खरंच वाटलं नसतं. जो लेखक पापाला कुरूप मुखवटा घालून उभं करतो, तो वाचकाला फसवतो. कारण बाहेर रस्त्यावर ते पाप चांगला इस्त्रीचा सदरा घालून भेटतं आणि वाचक त्याला ओळखत नाही.

पण याहून मोठी गोष्ट पुढं आहे. सुधाकराची बायको सिंधू. माहेरी श्रीमंती आहे, भाऊ न्यायला तयार आहे. पण ही नवऱ्याचं घर सोडत नाही. दुसऱ्यांची दळणं दळते, उपाशी राहते, सगळं सोसते. बालगंधर्वांनी ही भूमिका केली. एरवी त्यांच्या अंगावरचे शालू पाहायला गर्दी व्हायची, इथं ते ठिगळं लावलेलं लुगडं नेसून उभे राहिले, आणि सारं नाटकगृह रडलं. कलेची किमया ती हीच. ठिगळसुद्धा देखणं दिसलं!

आता मला सांगा, त्या रात्री घरी जाताना नवऱ्यानं काय तात्पर्य घेतलं असेल? ‘दारू वाईट’ हे तर घेतलंच असेल, आणि त्याच्याबरोबर ‘बायको असावी तर अशी’ हेही घेतलं असेल. पहिलं तात्पर्य लेखकानं मोठ्यानं सांगितलं. दुसरं कुणीच सांगितलं नाही, ते गाण्याच्या सुरावर बसून गुपचूप घरात आलं. आणि मंडळी, जे मोठ्यानं सांगितलं जातं त्याच्याशी आपण वाद तरी घालतो. जे गुपचूप येतं ते कायमचं राहायला येतं.

ही दुसरी खूणगाठ. प्रत्येक गोष्टीला दोन तात्पर्यं असतात. एक छापलेलं आणि एक न छापलेलं. छापलेलं परीक्षेत लिहायचं असतं. न छापलेलं आपण आयुष्यभर जगत असतो.

आता तिसरं नाटक, ‘शारदा’. गोविंद बल्लाळ देवल यांचं. १८९९ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीनं ते रंगभूमीवर आणलं. देवलांनी सात नाटकं लिहिली. त्यांतली बाकीची संस्कृतावरून किंवा परक्या नाटकांवरून घेतलेली, हे मात्र संपूर्ण त्यांचं स्वतःचं. भुजंगनाथ नावाचा पैसेवाला म्हातारा. त्याला पुन्हा लग्नाची हौस आली आहे. कांचनभट नावाचा बाप पैशाच्या लोभानं आपली पोर, शारदा, त्याला द्यायला तयार होतो. भद्रेश्वर दीक्षित मध्यस्थी करतो. मुलीला कुणी विचारत नाही. शारदेच्या मैत्रिणी मात्र नवरदेवाच्या वयाची थट्टा उडवतात आणि ते पद त्या काळी घरोघर पोचलं. कोदंड नावाचा तरुण हे लग्न मोडायला निघतो, तर त्यालाच डांबून ठेवतात.

आणि मग लग्न मोडतं कशामुळं? इथं जरा लक्ष द्या. आईच्या कळवळ्यानं मोडत नाही. मुलीच्या अश्रूंनी मोडत नाही. नवरदेवाच्या पांढऱ्या केसांनीही मोडत नाही. ते मोडतं, कारण वर आणि वधू सगोत्र आहेत हे ऐन वेळी उघडकीला येतं! म्हातारा चालला होता, पोरीचा बळी चालला होता, पैसे घेऊन मुलगी देणं चाललं होतं. गोत्र एक निघालं तेव्हा मात्र मांडव हादरला.

देवल मोठा मिस्किल माणूस असला पाहिजे. त्यांनी प्रेक्षकाला भाषण दिलं नाही. त्यांनी फक्त आरसा धरला आणि म्हटलं, पाहा, तुमच्या डोळ्यांदेखत नीती मोडत होती तोवर तुम्ही अक्षता हातात घेऊन उभे होता. रीत मोडली तेव्हा तुम्ही अक्षता खाली टाकल्या.

मंडळी, मला आज जे सांगायचं आहे ते एवढंच. रीत वेगळी आणि नीती वेगळी. रीत म्हणजे चार लोक काय म्हणतील. नीती म्हणजे ज्याला सोसावं लागतं तो काय म्हणेल. समाज रीतीवर पहारा करतो आणि त्यालाच नीती म्हणतो. चांगलं साहित्य या दोघींच्या मधे उभं राहून दाखवून देतं की या जुळ्या बहिणी नव्हेत. कधी कधी तर ओळखीच्याही नसतात.

‘शारदा’चं पुढं काय झालं, याची एक मजेदार हकीगत आहे. १९२९ मध्ये बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला. मुलीचं वय किमान चौदा आणि मुलाचं अठरा, असं त्यात ठरलं. लोक त्याला ‘शारदा कायदा’ म्हणू लागले. आणि आपल्याकडे पुष्कळांची अशी समजूत झाली की देवलांच्या शारदेवरून कायद्याला हे नाव पडलं. खरं तसं नाही. अजमेरचे हरविलास सारडा यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात हे विधेयक आणलं होतं. त्यांच्या आडनावावरून ते नाव आलं. सारडाचं शारदा झालं आणि मराठी माणसानं मनाशी म्हटलं, म्हणजे आपली शारदा दिल्लीपर्यंत पोचली!

समजूत चुकीचीच आहे, आणि गुरुजी, मुलांना ती दुरुस्त करून सांगा. पण ही चूक मला एखाद्या प्रशस्तिपत्रासारखी वाटते. कायदा झाला तेव्हा लोकांच्या मनात आधीपासून एक मुलगी उभी होती, म्हणून तर ही चूक झाली. कलमांचे आकडे कुणाच्या डोळ्यांपुढं उभे राहत नाहीत. शारदा उभी राहिली.

मात्र नुसत्या कायद्यानं काय होतं, तेही पाहा. कायदा १९२९ च्या सप्टेंबरात मंजूर झाला आणि त्याचा अंमल १ एप्रिल १९३० पासून व्हायचा होता. मधल्या महिन्यांत देशात ठिकठिकाणी लोकांनी काय केलं? घाईघाईनं पोराटोरांची लग्नं उरकून घेतली! कायदा येतो आहे म्हणून त्याच्या आधी मांडव घातले. याला म्हणतात झाडाखालच्या कोल्ह्याचं तात्पर्य.

पुढं कायद्यातलं वय वाढत गेलं. १९७८ च्या दुरुस्तीनं मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस झालं. २००६ मध्ये अधिक कडक असा नवा कायदा आला. म्हातारा भुजंगनाथ तर आता हास्यास्पदच झाला आहे. ‘शारदा’नं त्याला इतकं हसवून काढलं की पुन्हा उजळ माथ्यानं बोहल्यावर चढण्याची त्याची छाती राहिली नाही. मग प्रश्न संपला का? नाही संपला. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठरा वर्षं पुरी होण्याआधी झालेलं आढळलं. म्हणजे पाच जणींत एकीहून जास्त.

आणि आजचा कांचनभट लोभी नसतो, हीच खरी अडचण आहे. तो पुष्कळदा घाबरलेला असतो. ऊसतोडीला सहा सहा महिने बाहेर जायचं, वयात आलेली मुलगी मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची? फडात तर कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. जोडी झाली की उचल मिळते. शाळा आठवीपर्यंतच गावात, पुढं एसटीनं जायचं. हुंडा वयाबरोबर वाढतो अशीही भीती. या बापाला आपण भुजंगनाथाला हसलो तसं हसू शकत नाही. हसलो तर ती आपलीच अनीती होईल. ‘शारदा’ लिहिणाऱ्यानं आज नाटक लिहिलं, तर त्यात खलपुरुष सापडायला त्याला फार त्रास पडेल. चांगली माणसं मिळून वाईट गोष्ट कशी करतात, हे दाखवायला मोठा लेखक लागतो. आणि ते ओळखायला चांगला वाचक लागतो.

असा वाचक कुठं तयार होतो? गुरुजी, बाई, तो तुमच्या वर्गात तयार होतो. म्हणून एक विनंती आहे. गोष्ट संपली की ‘तात्पर्य काय’ हा प्रश्न काही दिवस खुंटीला टांगून ठेवा. त्याच्याऐवजी तीन साधे प्रश्न विचारून पाहा. पहिला: गोष्ट ऐकताना तू कुणाच्या बाजूला उभा होतास? दुसरा: या गोष्टीत कुणाला बोलूच दिलेलं नाही? आणि तिसरा: यात रीत कुणी मोडली आणि नीती कुणी मोडली? उत्तरं वेडीवाकडी येतील. एखादं पोरगं पुन्हा कोल्ह्याच्या बाजूनं बोलेल. बोलू द्या. त्याला ‘बस खाली’ म्हणू नका. त्याला विचारा, “बरं, तू कोल्हा. आता तू कावळा हो. मग कसं वाटतं?” जो मुलगा एकदा दोन्ही जागी उभा राहून आला, त्याला नीती वेगळी शिकवावी लागत नाही. साहित्य यापेक्षा जास्त काही करत नाही. पण यापेक्षा कमी कशानं भागतही नाही.

आणि एक दिवस असाही येईल. तुळशीचं लग्न होऊन गेलेलं असेल, लग्नसराई लागलेली असेल. नववीतली एक मुलगी चार दिवस शाळेत येणार नाही. मैत्रिणी कुजबुजतील. गावात सगळं रीतीप्रमाणं चाललेलं असेल: सोयरीक झाली, सुपारी फुटली, पत्रिका छापली, गोत्रही जुळलं नाही असं नीट पाहिलं. एकच गोष्ट राहिलेली असेल, मुलीला कुणी विचारलेलं नसेल. त्या दिवशी वर्गातलं एखादं पोरगं हात वर करून म्हणेल, “गुरुजी, या गोष्टीत तिला बोलूच दिलेलं नाही.”

मग मात्र गुरुजी, फळ्याकडे वळू नका. त्या घराकडे चला. बापाशी भांडू नका, त्याची भीती काय आहे ती आधी ऐकून घ्या. मुलीच्या शिक्षणाची, राहण्याची काही सोय होते का ते पाहा. गावात ग्रामसेवक हा या कायद्याखालचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे, अंगणवाडीच्या ताई त्याच्या मदतीला आहेत; त्यांना बरोबर घ्या. आणि कुणी ऐकेनासं झालं तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनी रात्रंदिवस चालू असतो, त्याला पैसे पडत नाहीत. मंगलाष्टकात भटजी ‘सावधान’ म्हणतात. समर्थ रामदासांनी तो शब्द खरा मानला आणि बोहल्यावरून निघून गेले, अशी कथा आपण ऐकतो. बाकी सगळे तो शब्द ऐकून अक्षता टाकतात. निदान एका माणसानं तो मांडवाच्या चार दिवस आधी ऐकावा.

कोदंडाला गोत्र सापडलं म्हणून शारदा वाचली. आपल्याला गोत्र शोधायची गरज नाही. मुलीचं वय शाळेच्या हजेरीपटात लिहिलेलं आहे, आणि ते, गुरुजी, तुमच्याच हस्ताक्षरात आहे.

तात्पर्य मी सांगत नाही. मघाच्या त्या पोराला विचारा.